आजी-आजोबांचं लग्न लागलं ते चर्च : साताऱ्याकडचं जुनं चर्च आणि लग्नाची नोंद कशी शोधावी?

नीरा_काठ
नमस्कार मंडळी. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे. मागे शाईने 'सातारा, २६ फेब्रुवारी १९३१' एवढंच लिहिलंय. फोटोत दगडी भिंत, टोकदार कमानीची एक खिडकी आणि तीन पायऱ्या दिसतात. आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स, आजोबा वाईकडचे शिक्षक. लग्नाचा दाखला घरात नाही. डिसेंबरात आत्याला (वय ८४) घेऊन आम्ही सातआठ जण त्या चर्चला जाऊन यायचं म्हणतोय.

चर्च नेमकं कोणतं हे कसं ठरवायचं? रजिस्टर बघायला मिळतं का, त्यासाठी कुणाला भेटायचं? आत गेल्यावर, फोटो काढताना काय पाळायचं? आणि आत्याची इच्छा आहे की तिथे छोटी प्रार्थना व्हावी. ती कशी मागायची?

माणदेशी_पाखरू
पहिली गोष्ट, 'सातारा' म्हणजे सातारा शहरच असं धरून गाडी काढू नका. १९३१ मध्ये सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. जुन्या फोटोमागचं 'सातारा' म्हणजे शहर, जिल्हा किंवा नुसतं फोटोग्राफरचं गाव, काहीही असू शकतं. फोटोच्या खालच्या पुठ्ठ्यावर उठावाचा शिक्का आहे का बघा. स्टुडिओचं गाव त्यावर असतं. पुठ्ठा तिरका धरून बाजूने बॅटरी मारली की पुसट शिक्काही वाचता येतो.

वाईची_लेक
प्रोटेस्टंट की कॅथलिक, हे आधी सांगा. शोधाची सगळी दिशा त्यावर ठरते.

नीरा_काठ
घरात सगळे प्रोटेस्टंट. पण आजीचं माहेर कॅथलिक होतं असं एक काका म्हणतात. त्यामुळे लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं याबद्दल घरातच दोन मतं आहेत.

धर्मग्राम_नोंदी
तारखेवरूनच बरंच कळतं. १९३१ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला. २६ फेब्रुवारी त्या बुधवारी सुरू होणाऱ्या प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) ऐन सुरुवातीला येतो. तेव्हाच्या कॅथलिक नियमाप्रमाणे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आणि आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) लग्नाचा थाटाचा विधी आणि विवाह-आशीर्वाद बंद असायचा. साधं लग्न तेव्हाही लागू शकायचं, थाटाच्या आशीर्वादाला बिशपांची परवानगी लागायची. पण फोटो काढून, पाहुणे बोलावून केलेलं लग्न त्या आठवड्यात कॅथलिक चर्चमध्ये झालं असण्याची शक्यता फार कमी. त्यातून कॅथलिक लग्न साधारणपणे मुलीच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लागायचं, म्हणजे माहेर जिथे तिथे. तुमचा शोध मी मिशनच्या बाजूने सुरू करेन.

आजीचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला असेल तरी एक धागा हाताशी ठेवा. कॅथलिक बाप्तिस्मा-रजिस्टरमध्ये नोंदीच्या समासात पुढे त्या व्यक्तीचं लग्न कुठे, कधी, कुणाशी झालं ते लिहितात. १९०८ पासून हा नियमच आहे. लग्न लावणाऱ्या फादरने बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि तिकडे समासात टीप जायची. लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं असेल तर बाप्तिस्म्याची नोंद सापडताच लग्नाचं चर्चही सापडतं. समास कोरा असेल तर लग्न कॅथलिक नसावं, किंवा कळवायचं राहून गेलं असावं.

नोंदी लॅटिनमध्ये असतात, घाबरू नका. 'फिलिउस' मुलगा, 'फिलिया' मुलगी, 'तेस्तेस' साक्षीदार, 'विदुआ' विधवा. जॉनचा योआन्नेस होतो, जोसेफचा योसेफुस. आडनाव मात्र फादर कानावर पडेल तसं रोमन लिपीत लिहायचे, तेव्हा चारपाच प्रकारे वाचून बघा.

कृष्णामाई_घाट
>> शोध मी मिशनच्या बाजूने सुरू करेन

सहमत. सातारा आणि वाई ही दोन्ही अमेरिकन मराठी मिशनची ठाणी होती. मिशन मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, अहमदनगर हे मोठं केंद्र, तिथून इकडे पसरलं. मिरज-सांगली-कोल्हापूर हा पट्टा मात्र वेगळ्या मिशनचा, अमेरिकन प्रेस्बिटेरियन. डॉ. वॉनलेस यांचा मिरजेचा दवाखाना १८९४ चा, तो त्यांचाच. म्हणजे तुमची आजी एका मिशनची आणि आजोबा दुसऱ्या मिशनचे. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या (गावोगावच्या चर्चचे सभासद-समूह) युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या होत्या, त्यामुळे १९३१ मध्ये एकीकडचा पाळक दुसरीकडे लग्न लावायला गेला तर त्यात काही वावगं नव्हतं. नोंद लग्न लावणाऱ्या पाळकाच्या रजिस्टरात जाते, हे ध्यानात ठेवा. इमारत साताऱ्यात आणि रजिस्टर मिरजेला, असंही होऊ शकतं.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तेव्हा शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, कुठे कुठे कपाटंही बदलली. म्हणून चौकशी करताना आजच्या नावाबरोबर १९३१ मधलं नावही सांगा.

टेबललँड_वारा
एवढी खटपट कशाला? ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याची सगळी लग्नं आहेत, ऑनलाइन नाव टाकलं की निघतात.

धर्मग्राम_नोंदी
@टेबललँड_वारा, सगळी नाहीत. तिथे 'एन/३' या खुणेखाली मुंबई इलाख्यातली चर्चची विवरणपत्रं आहेत हे खरं, पण ती मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची. मिशनच्या मराठी मंडळीतलं शिक्षक-नर्सचं लग्न तिथे सापडेल या भरवशावर पैसे भरू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या इंग्रजी चर्चमधलं एखाद्या साहेबाचं लग्न शोधणाऱ्याला मात्र ते सोन्यासारखं आहे.

कोर्टकचेरी_सातारा
कायद्याची बाजू मांडतो, कारण रजिस्टर मागताना ती उपयोगी पडते.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्यात लग्न लावायचे वेगवेगळे मार्ग आहेत. दीक्षित पाळक किंवा परवानाधारक मिशनरी यांनी लावलेली लग्नं एका भागात येतात. कलम ९ चा परवाना असलेल्या माणसासमोर देशी ख्रिस्ती वधूवरांनी केलेली लग्नं दुसऱ्या भागात, म्हणजे भाग ६ मध्ये. भाग ६ मध्ये आधी नोटीस लावायची गरज नव्हती. वयाची अट, आधीचा जोडीदार हयात नसणं आणि दोन साक्षीदार एवढं पुरे. दाखला वधूवरांनी मागितला आणि चार आणे भरले तरच मिळायचा. बऱ्याच जोडप्यांनी तो घेतलाच नसेल. घरात दाखला नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही.

रजिस्टर इंग्रजीत किंवा जिल्ह्याच्या भाषेत ठेवायची मुभा होती, तेव्हा मराठी रजिस्टर बघून ते अधिकृत नसेल असं समजू नका. उतारे महानिबंधकाकडे (सरकारच्या नोंदणी खात्याचा प्रमुख) पाठवायचे, म्हणजे चर्चमधली प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरीकडे नक्कल असण्याची शक्यता उरते.

आता मिरजेची मेख. १९३१ मध्ये मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती, सांगली, जत, औंध, फलटण ही सगळी संस्थानं होती. १८७२ चा कायदा संस्थानी मुलखात फक्त ब्रिटिश प्रजाजन असलेल्या ख्रिस्ती लोकांपुरता लागू होता. मिरजेच्या हद्दीत लागलेल्या लग्नाचा उतारा मुंबई सरकारकडे गेला असेलच असं नाही. ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. लग्न मिरजेत लागलं असेल तर सरकारी नक्कल शोधण्यात वेळ न घालवता थेट मंडळीचं रजिस्टर गाठा.

कलम ७९ प्रमाणे रजिस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याने योग्य फी घेऊन वाजवी वेळेत शोध घेऊ द्यायचा आणि सहीची नक्कल द्यायची. कलम ८० प्रमाणे ती नक्कल पुरावा म्हणून चालते. पण पाळकांपुढे उभं राहून कलमं म्हणून दाखवू नका. बोलणं तिथेच थांबेल.

वाईची_लेक
त्या कायद्यात अजून एक कामाची गोष्ट आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाला चर्चच्या इमारतीतच लग्न लावायचं बंधन होतं. जवळच्या रस्त्याने पाच मैलांच्या आत त्यांचं चर्च नसेल तरच सूट, किंवा खास परवाना लागायचा. मिशनच्या पाळकाला असं बंधन नव्हतं. मिशन बंगल्याचा व्हरांडा, मुलींच्या बोर्डिंगचा हॉल, दवाखान्याचं प्रार्थनागृह, कुठेही लग्न लागायचं. म्हणून फोटोतली दगडी भिंत चर्चचीच आहे हे गृहीत धरू नका. नर्सचं लग्न दवाखान्याच्या आवारातून आणि बोर्डिंगमधल्या मुलीचं बोर्डिंगमधून लावून देणं ही सर्रास पद्धत होती, कारण पालक म्हणून मडमसाहेबच उभ्या राहायच्या.

माणदेशी_पाखरू
हा मुद्दा महत्त्वाचा. आधी नोंद, मग इमारत. उलट क्रमाने गेलं तर चुकीच्या वेदीपुढे फोटो काढून माघारी याल आणि पुढच्या पिढ्या तेच खरं धरून चालतील.

दगडविटा
इमारत ओळखण्याबद्दल. फोटो मोठा छापून बरोबर न्या, मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नका. तुलना करताना रंग, दारं, पायऱ्या यांकडे बघू नका, ते बदलतात. बघायचं ते दगडांच्या थरांची उंची, कमानीतल्या दगडांची संख्या, कमानीचा माथ्याचा दगड, खिडकी आणि कोपरा यांच्यामधलं अंतर. कमानीचे दगड मोजले आणि दोन्हीकडे जुळले तर ओळख जवळपास पक्की. पायऱ्या तीनच्या दोन झालेल्या असू शकतात, आवारात भराव आणि फरशी पडली की एखादी पायरी जमिनीत जाते.

सातारा-वाईकडे काळा दगड, महाबळेश्वर-पाचगणीला जांभा. काळ्यापांढऱ्या फोटोतही फरक कळतो. जांभ्याला छिद्रं असतात आणि कडा बोथट असतात, काळ्या दगडाची घडाई धारदार दिसते. फोटोत जांभा असेल तर सातारा शहर बाद.

आणखी एक, यात अनेक जण फसतात. कौलं उतरवली की मागच्या बाजूला बासेल मिशनचं नाव आणि '१८६५' उठवलेलं दिसतं. लगेच म्हणतात चर्च १८६५ चं. १८६५ हे मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याचं स्थापनेचं वर्ष आहे, कौल भाजल्याचं नाही. कोनशिलेबाबतही जपून. ती नव्या व्हरांड्याची किंवा जीर्णोद्धाराची असू शकते. कोनशिला भिंतीच्या थरात बसली आहे की वरून चिकटवली आहे ते बघा.

नीरा_काठ
खूप माहिती मिळतेय. पुठ्ठ्यावर शिक्का आहे, पण अक्षरं पुरती लागत नाहीत. शेवटी 'मिरज' असावं असं वाटतं. फोटोतली भिंत धारदार घडाईची आहे, छिद्रं नाहीत.

कृष्णामाई_घाट
म्हणजे फोटोग्राफर मिरजेचा असेल तर तो साताऱ्याला गेला, किंवा लग्न मिरजेत लागलं आणि 'सातारा' हे नवऱ्याकडचं गाव म्हणून नंतर कुणी लिहिलं. शाई आणि अक्षर बघा. लग्नाच्या वेळचं लेखन आणि पुढे मुलांनी लिहिलेलं यात निब आणि बॉलपेनचा फरक पडतो. बॉलपेन असेल तर ते लेखन स्वातंत्र्यानंतरचंच समजा.

मिरजकर_तंबोरा
पत्र आधी पाठवा, अचानक धडकू नका. मंडळीच्या सेक्रेटरींना आणि पाळकांना, दोघांनाही. मजकूर साधारण असा ठेवा:

'आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तात सप्रेम सलाम. आमचे आजोबा (पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव) आणि आजी (माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तेव्हाची नोकरी) यांचा विवाह फेब्रुवारी १९३१ च्या सुमारास आपल्या मंडळीत झाला असावा. १९३० ते १९३२ या काळातली विवाह नोंदवही आपल्याकडे असल्यास आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्या समक्ष पाहण्याची परवानगी मिळावी. नोंद सापडल्यास सहीशिक्क्याचा उतारा हवा आहे, त्याची फी पावतीने भरू. आमच्याबरोबर ८४ वर्षांच्या आत्या असतील.'

तीन वर्षांचा पट्टा मागा. घरात सांगितलेलं साल एकदोन वर्षांनी सरकतं. माहेरचं नाव पहिल्या ओळीत जाऊ द्या. सोबत फोटोची छापील प्रत जोडा, पुष्कळदा रजिस्टरच्या आधी फोटो बघूनच मंडळीतले एखादे वडील जागा ओळखतात.

कोयना_बॅकवॉटर
रविवारी जा, सगळे एका जागी भेटतात.

मिरजकर_तंबोरा
माणसं भेटायला रविवार, रजिस्टर बघायला कधीच नाही. उपासनेनंतर पाळकांमागे बाप्तिस्मे, भेटी, कमिटी, दान मोजणं असं सगळं असतं. कपाटाची एक किल्ली पाळकांकडे आणि दुसरी सेक्रेटरींकडे अशी पद्धत ठिकठिकाणी आहे. मंगळवार ते शुक्रवार सकाळी अकराच्या पुढे वेळ मागा. डिसेंबर म्हणताय तर १५ तारखेच्या आत. नंतर नाताळची कॅरल पथकं, सजावट, ३१ ला रात्रीची उपासना, कुणालाही कपाट उघडायला सवड नसते.

कोयना_बॅकवॉटर
पण आत्याबाईंना रिकाम्या चर्चपेक्षा भरलेली मंडळी बघायला आवडेल की.

मिरजकर_तंबोरा
म्हणून दोन भाग करा. आधी दोघं जण रजिस्टरसाठी, मग रविवारी सगळं कुटुंब.

शाई_आणि_कागद
रजिस्टर हाताळण्याबद्दल, कारण नुकसान नेमकं बघायला आलेल्या मायेच्या माणसांकडून होतं.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पांढरे सुती हातमोजे घालू नका, त्यात बोटांना स्पर्श कळत नाही आणि पानाची ठिसूळ कड अडकून फाटते. थुंकी लावून पान उलटायचं नाही. वही सपाट उघडून दाबू नका, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना दुमडलेले टॉवेल ठेवून ती अर्धवट उघडी ठेवा. जवळ पेन नको, फक्त पेन्सिल. चहा दुसऱ्या टेबलावर.

तेव्हाची निळीकाळी शाई लोहयुक्त असते. वर्षं गेली की ती तपकिरी होते आणि जाड रेघांपाशी कागद खाते. अशा पानाला लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावली की ते पान गेलंच समजा. पाळकांनी विचारलं तर आम्लमुक्त कागदात गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवायला सांगा. महिन्यातून एकदा कपाट उघडून हवा द्यावी. कसर आणि वाळवी दोन्ही ओल शोधत येतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद, खिडकीच्या बाजूचा उजेड, मोबाइल पानाला समांतर. आधी वहीचं पहिलं पान आणि मुखपृष्ठ, मग तुमच्या नोंदीचं पूर्ण पान, मग नुसती नोंद. पहिल्या पानाशिवाय पुढे दहा वर्षांनी तो फोटो कुठल्या वहीचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

टेबललँड_वारा
पूर्ण वहीचा फोटो काढून ऑनलाइन टाकली तर सगळ्यांचीच सोय.

शाई_आणि_कागद
मंडळीच्या परवानगीशिवाय नको. त्या वहीत वय, विधवा-विधुर, बापाचं नाव, जुनी नावं असं बरंच असतं आणि त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात. स्वतःच्या नोंदीचा फोटो घ्या. सगळी वही स्कॅन करायची असेल तर कमिटीने ठराव करावा, प्रत मंडळीकडे राहावी.

धर्मग्राम_नोंदी
नोंद वाचण्याबद्दल. मिशनच्या रजिस्टरात साधारण हे रकाने असतात: अनुक्रमांक, लग्नाची तारीख, दोघांची नावं, वय, अविवाहित की विधुर/विधवा, धंदा, लग्नाच्या वेळचा राहण्याचा पत्ता, वडिलांचं नाव, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही. 'राहण्याचा पत्ता' हा त्या दिवशीचा पत्ता. आजीसाठी तिथे दवाखान्याचं क्वार्टर असेल, माहेरचं गाव असेलच असं नाही.

आडनावाने शोधू नका. पहिल्या पिढ्यांच्या नोंदीत स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच असायचं, आडनाव नंतर आलं, कधी गावावरून, कधी शाळेच्या हजेरीपटावरून. बापाच्या नावाने रकाना उतरत जा. साक्षीदारांची नावं हमखास उतरवून घ्या, ते बहुधा भाऊ, मेहुणे किंवा सहकारी शिक्षक असतात आणि पुढची वाट तेच दाखवतात. सही मोडीत असेल तर उलगडायचा प्रयत्न तिथेच करू नका. स्वच्छ फोटो घ्या, मोडी वाचणारे साताऱ्या-सांगलीत मिळतात.

पाळकाची सही लागली नाही तर मिशनचे वार्षिक अहवाल बघा. कुठल्या वर्षी कुठल्या ठाण्यावर कोण होतं ते त्यात छापलेलं असतं. अमेरिकन मराठी मिशनची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत, प्रेस्बिटेरियन मिशनची फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. दोन्हीकडे ईमेलने विचारता येतं. मिशनचं मराठी नियतकालिक 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचं, त्यात मंडळ्यांच्या बातम्या येत. मार्च-एप्रिल १९३१ चे अंक चाळून बघण्यासारखे आहेत.

वाईची_लेक
थोडं विषयांतर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा साताऱ्यात सुरू केला होता. साताऱ्याला जाणारच आहात तर त्याबद्दलही मंडळीतल्या जुन्या माणसांकडे विचारा. १९३१ मध्ये तरुण असलेल्या शिक्षकांच्या पिढीवर टिळकांच्या भजनांचा मोठा ठसा होता. लग्नात म्हटलेली गीतं मराठी चालीची, टाळ-पेटीवरची असण्याची शक्यता त्यामुळे आहे. आत्याबाईंना घरात म्हटलं जाणारं एखादं गीत आठवत असेल तर प्रार्थनेच्या वेळी तेच घ्या.

कंदी_पेढा
आणि परतताना मोती चौकातून पेढे घ्या. मंडळीला पेढे दिले तर कुणी नको म्हणत नाही, हे अगदी मनापासून सांगतोय. 🙂

नीरा_काठ
😄 पेढे यादीत. अपडेट देतो: फोटोमागची अक्षरं निबची आहेत, म्हणजे जुनीच. मिरजेला आणि साताऱ्याला, दोन्हीकडे पत्रं पाठवली. आता प्रार्थनेचं आणि आत्याच्या बसण्याउठण्याचं कुणी सांगेल का? तिला गुडघ्यांचा त्रास आहे.

मिरजकर_तंबोरा
प्रार्थनेसाठी 'उपकारस्तुती' (देवाचे आभार मानायची प्रार्थना) हा शब्द वापरा, पाळकांना लगेच कळेल काय हवंय. 'आईवडिलांच्या विवाहाबद्दल उपकारस्तुती' अशी चिठ्ठी, त्यात दोघांची पूर्ण नावं आणि लग्नाचं साल, आणि पाकिटात उपकारस्तुतीचं दान, हे उपासना सुरू होण्याआधी सेक्रेटरींकडे द्या. घोषणांच्या वेळी वाचतात आणि पाळक प्रार्थना करतात. वेगळी कौटुंबिक प्रार्थना हवी असेल तर उपासनेनंतर दहा-पंधरा मिनिटं मागा. शास्त्रपाठ कोणता आणि वाचणार कोण ते आधी ठरवून सांगा, घरातल्याच कुणी वाचला तर उत्तम. पुष्पहार वेदीवर ठेवायचा असेल तर आधी विचारा, काही मंडळ्यांना ते चालत नाही. रजिस्टरच्या उताऱ्याची फी आणि दान वेगवेगळं द्या, दोन्हींची पावती घ्या.

चपला बाहेर काढायच्या की नाही ते दाराशी बघून करा, गावागणिक पद्धत वेगळी. प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा) रविवार असेल तर उपासना लांबते. आत्याबाई दोन तास बसू शकत नसतील तर तो रविवार टाळा, बहुतेक ठिकाणी तो महिन्याचा पहिला असतो, पण फोन करून खात्री करा.

दगडविटा
जुन्या चर्चचे बाक सरळ पाठीचे आणि अरुंद असतात. एक उशी आणि पायाखाली ठेवायला छोटं पाटासारखं काही न्या. खांबाच्या कडेचा बाक निवडा, उठताना खांबाचा आधार मिळतो. मुख्य दाराला पायऱ्या असल्या तरी पाळकांच्या खोलीकडचं बाजूचं दार पुष्कळदा जमिनीलगत असतं, ते उघडायला सांगा. स्वच्छतागृह बहुधा इमारतीबाहेर, पाळकांच्या बंगल्याकडे असतं, आधी विचारून ठेवा.

फोटोचं गणित: जुन्या पद्धतीच्या चर्चची वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला असतं. तसं असेल तर आतला उजेड सकाळी वेदीमागच्या खिडकीतून येतो, तेव्हा वेदीपुढे उभ्या माणसांचे चेहरे काळे पडतात. कुटुंबाचा फोटो दुपारी साडेतीन-चारला दाराबाहेर घ्या, ऊन समोरून येतं. मिशनच्या चर्चमध्ये दिशा पाळलेली असेलच असं नाही, मोबाइलमधला कंपास बघून वेळ ठरवा. मूळ फोटोसारखाच फोटो हवा असेल तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा. तेव्हाचे तिपाईवरचे कॅमेरे पुष्कळदा त्याच उंचीला असायचे, उभं राहून डोळ्यापाशी मोबाइल धरला तर भिंतीच्या रेषा जुळणार नाहीत.

दफनभूमीत जाणार असाल तर दगडावर खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश नाही, फेस नाही. अक्षरं पुसट असतील तर आरसा किंवा पांढरा पुठ्ठा धरून ऊन बाजूने पाडा, सगळं वाचता येतं.

माणदेशी_पाखरू
आणि त्या फोटोची चांगली छापील प्रत, मागे दोघांची नावं, साल आणि तुमचा संपर्क पेन्सिलीने लिहून, मंडळीकडे ठेवा. १९३१ चा फोटो कित्येक मंडळ्यांकडे स्वतःच्या इमारतीचाही नसतो.

साईसडक
धागा चालूच आहे तर विचारतो. आमच्या पणजी-पणजोबांचं लग्न १९०८, पाचगणी, 'इंग्लिश चर्च' एवढंच माहीत आहे. पणजोबा अँग्लो-इंडियन, रेल्वेत. पुढच्या आठवड्यातच जायचंय. कुठून सुरू करू?

धर्मग्राम_नोंदी
@साईसडक, तुमच्या बाबतीत वर दिलेला सल्ला उलटा फिरवा. तुम्हाला 'एन/३' मध्येच आधी शोधायला हवं, तिथे मिळायची चांगली शक्यता आहे. पाचगणीत सेंट पीटर्स चर्च बघा. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांची कबर त्याच आवारात आहे, त्यामुळे जागा विचारत पोचायला अडचण नाही. चर्च ऑफ इंग्लंडचं लग्न असल्याने पाच मैलांचा नियम लागू, म्हणजे लग्न चर्चमध्येच लागलं असं धरायला हरकत नाही. लग्नाआधी तीन रविवार जाहीर पुकार (चर्चमध्ये लग्नाची घोषणा) झाला असेल तर पुकाराची वेगळी वही असते, तीही विचारा, त्यात दोघांची मूळ मंडळी मिळते. खास परवान्याने लग्न झालं असेल तर त्या वहीत नाव नसेल, रजिस्टरच्या रकान्यात 'लायसन्स' असं दिसेल. आणि महाबळेश्वरही सोडू नका, गर्मीच्या मोसमात युरोपियन लोकांचा मुक्काम तिकडे असायचा, एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर तिथल्या नोंदीही बघा.

साईसडक
लग्न मेमधलंच आहे.

टेबललँड_वारा
मग दोन्ही बघून घ्या. पाचगणी ते महाबळेश्वर अंतर साधारण २० किलोमीटरच. शनिवार-रविवार टाळा, वेण्णा तलावापासून गाड्यांची रांग लागते. वाईहून पसरणी घाटाने सकाळी आठच्या आत वर चढलात तर पाचगणी आटोपून अकरापर्यंत महाबळेश्वरला पोचाल. निघण्याआधी दोन्हीकडे फोन करा, कुलूप असलं तर किल्ली कुणाकडे ते विचारून ठेवा.